विषय: बेळगावच्या मिशनरी शाळेत डिस्लेक्सियाच्या मुलाचं कसं होतं?

अनगोळकर (मेलबर्न)

नमस्कार मंडळी,

येत्या मे महिन्यात आम्ही दोन वर्षांसाठी बेळगावला परत निघालोय. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि सासूबाईंना एकटीला झेपेनासं झालंय. आमचं सगळं ठरलं, घोडं अडलंय ते मुलाच्या शाळेपाशी.

मुलगा बारा वर्षांचा आहे. इथल्या कॅथलिक शाळेत सहावीत आहे. दुसरीत असताना त्याला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचण, असल्याचं कळलं. लर्निंग सपोर्टच्या टीचर आठवड्यातून तीनदा त्याला घेऊन बसतात. कुठल्या मुलाला वर्गात काय वेगळं करून द्यावं लागतं याची नोंद ऑस्ट्रेलियातल्या प्रत्येक शाळेला दरवर्षी सरकारकडे द्यावी लागते. मदतीच्या चार पायऱ्या असतात, आमचा दुसऱ्या पायरीवर आहे. पण त्याचा जीव आहे तो मिनी विनीजमध्ये. सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीचा हा शाळकरी मुलांचा गट. थंडीत ही मुलं गरजूंसाठी डबाबंद अन्न आणि ब्लँकेटं गोळा करतात. डबे मोजून खोकी लावायचं काम याच्याकडे असतं. वर्गात मोठ्यानं वाचायला सांगितलं की ओठ कोरडे पडतात, पण कुठल्या खोक्यात मक्याचे किती आणि टोमॅटोचे किती हे न बघता सांगतो.

बेळगावात यातलं काय मिळेल? कन्नडचं काय करायचं? आम्ही कॅथलिक नाही, तिथं काही अडतं का? कुणी अलीकडे प्रवेश घेतला असेल तर कृपया लिहा.

कॅम्पवाले काका (मस्कत)

बाई, येऊलालीस म्हणतीस, लई बरं झालं. काळजी कशाला करूलालीस? आमची सेंट पॉल्स 1856 सालची, जेज्विटांची. तेवढ्या वर्षांत फादर लोकांनी असली पोरं काय थोडी बघितली असतील? आम्ही हिंदू, मुसलमान, जैन, लिंगायत सगळे एका बाकावर बसून शिकलो, कुणी जात-धर्म विचारला नाही. कॅथलिक पोरं कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाला, जायची, आम्ही मॉरल सायन्सला बसायचो, एवढाच फरक. फुटबॉल खेळतो काय तो? खेळत असला तर मिटलंच की सगळं. माझ्याबरोबरचा एक जण तीन वर्षं एकाच वर्गात होता, पण हाऊस कॅप्टन तोच, कारण गोलमध्ये तो उभा राहिला की बॉल आत जायचा नाही.

कन्नडचं टेन्शन घेऊ नकोस. ओळखीनं सूट मिळते. आणि हो, पोरानं कन्नड शिकायचंच का, हा खरा मुद्दा आहे. 1956 ला जे झालं...

यादी सांभाळणारा (टिळकवाडी, सध्या न्यू जर्सी)

काका, सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे. 2004 पासून तो सुप्रीम कोर्टात आहे आणि तितकाच काळ आपल्या या ईमेल यादीवरही. हा धागा शाळेपुरता ठेवूया.

शहापूरच्या टीचर

चि. अनगोळकर,

मुलीच्या ईमेलवरून लिहितेय. नोकरीची बहुतेक वर्षं सिस्टरांच्या शाळेत काढली आणि आता निवृत्त आहे. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मीही आहे.

आधी कागदाचं बघू. सूट ओळखीनं मिळत नाही, काकांनी मनावर घेऊ नये. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आली, डिस्लेक्सिया त्यातच मोडतो. तिचं प्रमाणपत्र सरकारी दवाखान्यातून घ्यावं लागतं. मेलबर्नचा रिपोर्ट जवळ ठेव, डॉक्टरांना उपयोगी पडतो, पण प्रमाणपत्र म्हणून तो चालत नाही. बालरोगतज्ज्ञ बघतात, बुद्ध्यंक तपासतात, मग बेंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं तयार केलेली चाचणी घेतात. आठव्या वर्षापासून प्रमाणपत्र मिळतं, पुढे चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी असते. तू म्हणशील, सातवी-आठवीत आम्हाला बोर्डाचा पेपर कुठे द्यायचाय? दोन वर्षांसाठी म्हणून आलेले पुष्कळ बघितलेत मी. दहावीत लेखनिक आणि जादा वेळ लागला की मग धावाधाव होते. प्रमाणपत्र आल्याआल्या करून घे.

कन्नड चुकत नाही. 2015 च्या राज्याच्या कायद्यानं ते पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवावंच लागतं, शाळा कुठल्याही बोर्डाची असो. पण तू घाबरतेस तेवढं ते अवघड नाही. कन्नड इंग्रजीसारखं फसवत नाही, जे लिहिलंय तेच वाचायचं. माझ्या हातून गेलेल्या दोघांना इंग्रजी वाचनानं रडवलं होतं, पण कन्नडचा धडा ते आधी वाचायला लागले. त्रास होतो तो आकारांचा. कन्नडातले व, म आणि प एकाच घरातल्या भावंडांसारखे दिसतात, शेपटीचा काय तो फरक. शिवाय जोडाक्षर. आपण 'अक्का' लिहिताना अर्धा क पुढे काढतो, तिथं पहिला क अख्खा राहतो आणि दुसरा त्याच्या पायाशी लोंबतो. त्याला ओत्तक्षर म्हणतात. पोरांची नजर वरच्या ओळीवरून सरकत जाते आणि खालचं राहून जातं. मी वहीत प्रत्येक ओळीखाली एक रिकामी ओळ सोडायला लावायची आणि ओत्तक्षर तांबड्या पेन्सिलीनं लिहून घ्यायची. त्याला आजोबांबरोबर सीबीटीवर, आपल्या मोठ्या बसस्टँडवर, ने आणि बसच्या पाट्या वाचायला लाव. गावाची नावं ओळखीची असतात, त्यामुळं अर्धं अक्षर अंदाजानं येतं आणि उरलेलं डोळा शिकतो.

आता क्लबांचं. जूनमध्ये शाळा सुरू झाली की थोड्याच दिवसांत इन्व्हेस्टिचर, म्हणजे मुलांना पदं देण्याचा समारंभ, होतो. सॅश, बिल्ले, मेणबत्ती, शपथ सगळं असतं. स्काउट-गाइड असतात, इको क्लब असतो, कुठे रोटरीचा इंटरॅक्ट. वायसीएस, म्हणजे यंग कॅथलिक स्टुडंट्स, नावाप्रमाणं मुख्यतः कॅथलिक मुलांसाठी असतो. पण त्यांची पद्धत मला फार आवडायची. कार्डाइन नावाच्या बेल्जियन धर्मगुरूनं कामगार पोरांसाठी ती बसवली. आधी बघायचं, मग पारखायचं, मग काहीतरी करायचं. आमच्या पोरांनी तसंच बघून शोधून काढलं होतं की मुलींच्या बाथरूमच्या तिन्ही कड्या मोडल्यात आणि ऑफिसात ते कुणाला माहीतच नाही.

आमच्याकडे क्लबाचे तास शनिवारी शेवटचे दोन. आणि रेमेडियलचे, म्हणजे मागे पडलेल्यांच्या जादा शिकवणीचे, तासही तेच. कारण सरळ होतं, त्या वेळेला टीचर मोकळ्या असायच्या. म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याला क्लब नाही. क्लब नाही म्हणून पुढच्या जूनला बिल्ल्याच्या यादीत त्याचं नाव नाही. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, पण वर्षानुवर्षं तेच चाललं होतं.

सहावीत एक मुलगा होता. आमचा शिपाई रजेवर गेला आणि घंटा त्याच्याकडे आली. वेळापत्रक त्याला वाचता यायचं नाही. त्यानं वहीच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं आठ घड्याळं काढली, प्रत्येकात काटे दाखवले, मधल्या सुट्टीच्या घड्याळाशेजारी डबा आणि शेवटच्या घड्याळाशेजारी बस. पुठ्ठा घंटेच्या खिळ्याला टांगला. दोन महिने एक घंटा चुकली नाही. शिपाई परत आल्यावरसुद्धा सिस्टरांनी घंटा त्याच्याकडेच राहू दिली. मग चाचणीचे मार्क आले आणि रेमेडियलची यादी करायला मला सांगितलं. मी त्याचं नाव घातलं. शनिवारी शेवटच्या दोन तासांना तो माझ्या वर्गात, मग घंटा कोण देणार? ती वर्गातल्या पहिल्या नंबराच्या मुलीकडे गेली. तिच्या हातात घड्याळ होतं, पुठ्ठा तिला लागला नाही. मुलगा काही बोलला नाही. फक्त रेमेडियलला बसल्यावर प्रत्येक घंटेला मान वर करून बघायचा.

पुढे मी भांडून रेमेडियल सकाळच्या प्रार्थनेआधी नेलं. तेही धड जमलं नाही. येळ्ळूर-कडोलीची पोरं बसवर अवलंबून, बस उशिरा आली की निम्मा वर्ग रिकामा.

म्हणून तू प्रिन्सिपलांना "स्पेशल एज्युकेटर आहेत का" एवढंच विचारून परत येऊ नकोस. आहेत म्हणतील. त्याला वर्गातून कोण नेणार, कधी नेणार आणि त्या वेळात त्याचं काय बुडणार ते विचार. पीटी, ड्रॉइंग किंवा क्लबचा तास बुडणार असेल तर तिथंच सांग की नको. हिंदीचा बुडू दे, पण तो तास नको. आणि खोकी मोजणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच काहीतरी काम मागून घे. स्पोर्ट्सचं सामान, लायब्ररीतली पुस्तकं लावणं, काहीही.

खानापूरकर (टोरांटो)

टीचर म्हणतात ते अगदी खरं. फक्त एक गोष्ट. माझ्या भावानं मुलीचं प्रमाणपत्र करायला घेतलं तेव्हा शाळेकडून काही त्रास झाला नाही, घरच्यांकडूनच झाला. "मुलीच्या जातीला असला कागद कशाला? उद्या स्थळ बघताना निघेल." शेवटी दहावीला जादा वेळ न घेता बसली. पास झाली, पण पेपर अर्धा सोडून. सासरच्यांशी आत्ताच बोलून ठेव, विमानातून उतरल्यावर नको.

कॅम्पवाले काका (मस्कत)

टीचर, माझं "ओळखीनं" मागे घेतो. तुम्ही नेमक्या कुठल्या शाळेत होता हे आता मला कळूलालंय, पण बोलणार नाही. आमच्याही वर्गात घंटेवाला एक होता. आता आठवलं, तोही कधी कुठल्या हाऊसचा कोण नव्हता.

अनगोळकर (मेलबर्न)

टीचर, काका, खानापूरकर, सगळ्यांचे आभार. काल यूट्यूबवर कन्नड मुळाक्षरं लावली. साहेबांनी दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "आई, यांना रेषा का नाही?" आपल्या अक्षरांच्या डोक्यावरच्या रेषेबद्दल म्हणत होता. मग व, म आणि प कागदावर मोठे काढून फ्रिजला लावले. आज सकाळी दूध काढताना म्हणाला, म ला शेपटी आहे आणि व ला नाही. प चं अजून जुळत नाही. तांबडी पेन्सिल आणली आहे.

सासूबाईंशी फोनवर बोलले. आधी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, ह्यांनाही शाळेत असंच व्हायचं, तेव्हा त्याला नाव नव्हतं. सासरे पाठीमागून ओरडले की सीबीटीला मी नेतो, आधी हा गुडघा बरा होऊ दे.

टीचर, मे अखेरीस पोहोचतोय. शहापूरला यायला तुम्हाला कुठली वेळ बरी पडेल? आणि तुमच्याकडे ओळी सोडलेली जुनी एखादी वही असली तर बघायला ठेवाल का?