'बद्ध पाणी' नेमकं कशाला म्हणायचं?

प्रश्न : धातूंच्या ऑक्साइडवरच्या पाण्यासाठी 'शोषलेलं', 'अधिशोषित' आणि 'बद्ध' असे तीन शब्द वाचनात येतात. अवरक्त वर्णपटाविषयी, म्हणजे नमुना कोणते अवरक्त किरण शोषतो याच्या आलेखाविषयी, लिहिताना कोणता घ्यावा?

उत्तर : 'शोषलेलं' टाळा. नमुना अवरक्त किरणही शोषतो, त्यामुळे एकाच परिच्छेदात घोळ होतो. पृष्ठभागावर धरून ठेवणं ते 'अधिशोषण', हा शब्द रुळलेला आहे. 'बद्ध पाणी' चालेल, पण रेणू अखंड असेल तरच. अ‍ॅल्युमिनावर (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडवर) पाण्याचे बरेच रेणू फुटतात आणि हायड्रॉक्सिल (OH) गट तयार होतात. त्यांना पाणी म्हणू नये. ही खातरजमा वर्णपटच करून देतो. अखंड रेणूचं वाकण्याचं कंपन १६३० सेमी⁻¹ (लहरसंख्येचं एकक; पुढचे आकडेही त्यातच) च्या आसपास दिसतं. हायड्रॉक्सिलला ते नसतं, कारण तिथे दुसरा हायड्रोजनच नाही. ३००० ते ३६०० मधला रुंद पट्टा दोघांचाही असू शकतो, त्याच्या भरवशावर शब्द ठरवू नका.

प्रश्न : निर्वातात २०० अंश सेल्सिअसला तापवूनही १६३० जवळचं शिखर उरलं, तर 'घट्ट बद्ध' म्हणावं ना?

उत्तर : लगेच नको. तापवून झाल्यावर भुकटी पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये मिसळून गोळी केली असेल, तर ते शिखर बहुधा त्या क्षाराने हवेतून ओढलेल्या ओलीचं आहे. सोबत ३४४० लाही पट्टा येतो. भुकटी काही न मिसळता दाबून चकती करा, दर चौरस सेंटिमीटरला १० ते २० मिलिग्रॅम. जाड झाली तर पट्ट्यांचे माथे सपाट होतात, फार पातळ झाली तर उचलतानाच तडकते. तापवणं आणि वर्णपट घेणं एकाच निर्वात कोठीत व्हायला हवं, मध्ये हवा लागता कामा नये.

एवढं करूनही शिखर उरलं तर कार्बन डायऑक्साइडमुळे पृष्ठभागावर बनलेल्या कार्बोनेटचा संशय घ्या, मॅग्नेशियासारख्या (मॅग्नेशियम ऑक्साइड) आम्लारिधर्मी ऑक्साइडवर तर हमखास. जड पाण्याची (हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेल्या पाण्याची) वाफ सोडून पाहा : पाण्याचं शिखर १६३० सोडून १२०० कडे जातं, कार्बोनेटचं जागेवरच राहतं. सिलिकावर (सिलिकॉन डायऑक्साइडवर) १२०० पाशी ऑक्साइडचंच शोषण आडवं येतं, तिथे १६३० ची जागा रिकामी झाली का एवढंच तपासता येतं.

पुरवणी : १४०० ते १९०० मध्ये बारीक, टोकदार रेषांची गर्दी दिसली तर ती किरणमार्गातल्या हवेतल्या बाष्पाची. उपकरणात कोरडा नायट्रोजन खेळवा आणि पार्श्वभूमीचा वर्णपट पुन्हा घ्या. सिलिकावरचं ३७४७ चं तीक्ष्ण शिखर मात्र खरोखर पृष्ठभागाचंच असतं. त्याला 'सुटा हायड्रॉक्सिल' म्हणावं.