नेफ्यू म्हणजे पुतण्या की भाचा? आणि होमेजला काय म्हणावं?

गोदाकाठ:
कुमारवयीन वाचकांसाठी इंग्लंड-फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धावरचं एक प्रकरण मराठीत आणतेय. एका परिच्छेदावर गाडी अडली आहे. मूळ इंग्रजीत ‘नेफ्यू’ दोनदा येतो. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड हा फ्रान्सचा राजा चौथा चार्ल्स याचा नेफ्यू आणि व्हाल्वा घराण्यातला फिलिप हा चार्ल्सचे वडील चौथा फिलिप यांचा नेफ्यू. मी आधी ‘भाचा’ आणि नंतर ‘पुतण्या’ लिहिलं. संपादकांनी दोन्हीकडे ‘पुतण्या’ केलं आणि शेरा मारला, ‘एकच शब्द ठेवा, मुलं गोंधळतील.’ त्याच पानावर ‘होमेज’ आहे, म्हणजे जहागिरीसाठी एखाद्याला आपला धनी मानण्याचा विधी. त्याला ‘मुजरा’ म्हटलं होतं, तिथेही प्रश्नचिन्ह आलंय. सुचवा.

खडूफळा:
ताई, भाचा सोडू नका. सगळं भांडण त्या नात्यात आहे. चौथा चार्ल्स १ फेब्रुवारी १३२८ ला वारला. राणी गरोदर होती म्हणून दोन महिने थांबले, मुलगी झाली. मग दावेदार उरले दोन: सख्खी बहीण इझाबेला हिचा मुलगा एडवर्ड, आणि चुलत भाऊ फिलिप. गादी फिलिपला मिळाली. एडवर्डला पुतण्या केलंत तर तो भावाचा मुलगा ठरतो. मग त्याला डावललं का, हे कुठल्या मुलाला कळणार? वर्गात मी फळ्यावर वंशावळ काढूनच हा धडा घेतो.

निर्मळ_मराठी:
भाचा-पुतण्याबद्दल दुमत नाही. मुजऱ्याबद्दल मात्र आहे. अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द मुलांच्या पुस्तकात कशाला? ‘प्रणिपात’ आहे, ‘मांडलिकत्व पत्करणे’ आहे. शिवरायांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी.

मोडीवाचक:
मुजरा मलाही नको, पण कारण वेगळं. मुजरा दरबारात येता-जाता रोज घडायचा. होमेज तसं नाही. धनी बदलला किंवा जहागिरीला नवा वारस आला की एकदाच. डोकं उघडं, तलवार आणि कमरपट्टा काढलेला, गुडघे टेकलेले. दोन्ही हात जोडून ते धन्याच्या ओंजळीत द्यायचे आणि म्हणायचं, ‘मी तुमचा माणूस झालो.’ लॅटिन ‘होमो’ म्हणजे माणूस, त्यावरून होमेज. आपण ‘तो शिंद्यांचा माणूस’ म्हणतो त्यातला माणूस! म्हणून मी ‘माणूसकबुली’ असा शब्द सुचवतो. प्रणिपात देवापुढे होतो, त्यात जमिनीचा करार कुठे आला?

निर्मळ_मराठी:
‘माणूसकबुली’तली कबुलीही अरबीच आहे.

मोडीवाचक:
असू द्या. कबुलायत, कबूलनामा, नवस कबूल करणे, हे सगळं मराठीच्या हाडीमांसी खिळलंय. माझे आजोबा दस्तलेखक होते. त्यांच्या कागदांतून अरबी-फारसी काढायचं म्हटलं तर खाली तारीखसुद्धा उरायची नाही. तारीखही तिकडचीच.

गोदाकाठ:
पण मुलांना ‘माणूसकबुली’ समजेल का? आणि पुढे मजकुरात होमेजचे दोन प्रकार आहेत, साधं आणि ‘लीज’.

खडूफळा:
तोच तर कळीचा मुद्दा. एडवर्डने ६ जून १३२९ ला फ्रान्समधल्या आम्याँच्या कॅथीड्रलमध्ये फिलिपपुढे होमेज केलं, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. केलं ते साधं. लीज होमेज म्हणजे इतर कुणाहीविरुद्ध आपल्या धन्याच्या बाजूने उभं राहण्याचं बंधन. १३३१ मध्ये पत्र लिहून त्याने आपलं होमेज लीजच होतं असं मान्य केलं. आता बघा, स्वतःच्या मुलखात अभिषिक्त राजा आणि नैर्ऋत्य फ्रान्समधल्या गॅस्कनी या जहागिरीपुरता दुसऱ्या राजाचा माणूस. त्यात फ्रान्सने एडवर्डचा शत्रू, स्कॉटलंडचा राजा डेव्हिड याला १३३४ मध्ये आसरा दिलेला. अशा माणसाने कुणाच्या बाजूने लढायचं? म्हणून मी लीजला ‘एकनिष्ठ’ म्हणेन.

तुलूझकर:
नोकरीमुळे बरीच वर्षं याच भागात राहतो, म्हणून लिहितो. तुमची चर्चा गादीभोवती फिरतेय. इथून पाहिलं तर दुखणं १२५९ च्या पॅरिसच्या तहापासूनचं आहे. इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीने नववा लुई आपला धनी असल्याचं तेव्हा मान्य केलं. तेव्हापासून या जहागिरीचं मुख्य शहर बोर्दो, तिथल्या न्यायालयातला निकाल पटला नाही की लोक थेट पॅरिसला अपील करू लागले. आपल्याच जहागिरीत आपला शब्द शेवटचा नाही, हे कुठल्या राजाला सोसेल? याच भागातल्या सँ-सार्दोसला फ्रेंच राजाच्या लोकांनी नवी पेठ वसवायला घेतली, राजचिन्हाचा खांब रोवला. ऑक्टोबर १३२३ मध्ये शेजारच्या माँपेझाच्या गॅस्कन सरदाराने ती जागा जाळली आणि फ्रेंच शिपायाला त्याच खांबावर फाशी दिलं. त्यावरून पुढच्या वर्षी युद्ध. अशा वसाहतीला इथे ‘बास्तीद’ म्हणतात. चौक, भोवती कमानी, सरळ गल्ल्या. ‘पेठ वसवणे’ हाच शब्द मला तिथे चपखल वाटतो.

निर्मळ_मराठी:
पेठेला माझी हरकत नाही. पण पुस्तकांत या प्रांताचं नाव तीन तऱ्हांनी येतं. आक्वितेन, ग्वीयेन, गॅस्कनी. मुलांनी काय समजायचं?

तुलूझकर:
ग्वीयेन हा आक्वितेनचाच बोलीत झिजलेला अवतार. गॅस्कनी त्या प्रदेशाचा दक्षिणेकडचा भाग, आणि इंग्रजांच्या हाती प्रत्यक्षात उरला होता तो बोर्दो-बायोन भोवतालचा पट्टा. तिथली बोली गॅस्कन, पॅरिसची फ्रेंच नव्हे. आणि पोट चालायचं इंग्लंडला जाणाऱ्या वाइनवर.

मोडीवाचक:
‘कॉन्फिस्केट’ला काय लिहिणार आहात ताई? फ्रेंच राजाने हा मुलूख १२९४, १३२४ आणि १३३७ असा तीनदा घेतला. जप्त आणि खालसा एक नव्हे. पहिल्या वेळचा मुलूख १३०३ मध्ये परत दिला, म्हणजे ती जप्ती. खालसा झालं की ते सरकारात जमा, परतीची वाट बंद. आमच्या आजीच्या तोंडी ‘जमीन खालशात गेली’ असं येई तेव्हा घरात कुणी पुढे बोलत नसे.

खडूफळा:
२४ मे १३३७ ची ती जप्तीच, आणि निमित्तही घरगुती. फिलिपचा मेव्हणा रॉबेर दार्त्वा याला एडवर्डने आसरा दिला होता. रॉबेरचं दुखणं काय, तर आर्त्वाची जहागीर त्याच्या आत्याला मिळाली! म्हणजे जहागीर बाईला चालते, गादी चालत नाही.

मोडीवाचक:
कारण सॅलिक कायदा, म्हणजे बाईला वारसा नाकारणारा फ्रँक लोकांचा जुना कायदा.

खडूफळा:
नाही सर. सॅलिक कायद्याचा दाखला मागाहून चिकटवला. १३१७ मध्ये दहाव्या लुईची मुलगी जान हिला बाजूला सारून तिच्या काकाचं राज्य पक्कं करताना स्त्रीला गादी नाही असं ठरलं होतं. १३२८ चा पेच पुढचा: आईला जो हक्क नाही, तो तिच्या मुलाला कसा मिळेल? एडवर्ड चौथ्या फिलिपचा दौहित्र, म्हणजे मुलीचा मुलगा. हा सुंदर शब्द मुलांना जरूर द्या. आणि त्याने फ्रान्सचा राजा म्हणून स्वतःची घोषणा केली ती जानेवारी १३४० मध्ये, फ्लँडर्समधल्या गेंटला. तिथले फ्लेमिश लोक फ्रेंच राजाच्या हुकुमतीतले. त्याच्याविरुद्ध लढायचं तर त्यांना ‘खरा’ फ्रेंच राजा आपल्या बाजूला हवा होता. म्हणून याला ‘वारसायुद्ध’ म्हणू नये.

निर्मळ_मराठी:
म्हणायचं काय मग? ‘शतवार्षिक’ अशुद्ध आहे. वार्षिक म्हणजे दरवर्षी होणारं. ‘शतवर्षीय’ लिहा.

मोडीवाचक:
‘पंचवार्षिक योजना’ तुम्ही आयुष्यभर ऐकलीत. ती काय दरवर्षी उगवायची?

निर्मळ_मराठी:
रूढ झालं म्हणून शुद्ध होत नाही. शिवाय १३३७ ते १४५३ म्हणजे ११६ वर्षं.

तुलूझकर:
१४५३ तरी का? १७ जुलैला कास्तियाँच्या लढाईत इंग्रज हरले आणि ऑक्टोबरमध्ये बोर्दो पडलं, पण तह झालाच नाही. तह १४७५ चा, पिकिन्यीचा. युद्ध तिथे संपवा.

खडूफळा:
तहावर मोजायचं तर तो तात्पुरता होता. ‘फ्रान्सचा राजा’ ही पदवी इंग्लंडच्या राजांनी १८०१ उजाडेपर्यंत सोडली नव्हती.

तुलूझकर:
पदवी कागदावर होती, सर. बोर्दोत इंग्रजांचा अंमल संपला ना? लढाईचा शेवट मुलखावरून मोजायचा की बिरुदावरून, हे आधी ठरवा.