गाय चौथ्यांदा उलटली, आता कांडी बदलू का गाय?

दावण_माळशिरस:
राम राम मंडळी. एचएफ (होल्स्टीन) क्रॉस गाय आहे, दुसरं वेत, व्यायल्याला साडेसहा महिने होऊन गेले. सुरवातीला २२ लिटर होती, आता १४ वर आलीये. चार वेळा भरवली (कृत्रिम रेतन केलं), चारही वेळा उलटली, म्हणजे गाभण न राहता दर वेळी २०-२२ दिवसांनी परत माज. सोट (माजाचा चिकट स्राव) एकदम स्वच्छ, काचेसारखा. व्यायली तेव्हा वार (जार) वेळेत पडली होती, त्यामुळं गर्भपिशवीत घाण असेल असं वाटत नाही. दोन कांड्या (वळूच्या वीर्याच्या नळ्या) साध्या, तिसरी दुसऱ्या वळूची, चौथी तर कालवड व्हावी म्हणून सेक्सेल सीमेनची महागातली भरली, तीही गेली. मला आता कांड्यांचाच संशय येतोय, त्या गार ठेवायच्या टाकीत नायट्रोजन असतो का नसतो देव जाणे. खायला उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) पोटभर (सध्या मोळ्या दारात येतात), थोडा कडबा, गोळी पेंड ५ किलो. व्यापारी रोज घिरट्या घालतोय, देऊन टाकू का अजून एक संधी देऊ?

तात्या_सांगोला:
माझं ऐक, गावात कुणाचा वळू असेल तर एकदा त्याला दाखव. आमची जर्सी ५ वेळा उलटली होती, वळूनं एका झटक्यात गाभण गेली. जुनी माणसं काय येडी नव्हती.

करडी_कालवड:
तात्या तुमची गेली हे खरंय, पण गावभर फिरणारा वळू म्हणजे गावभरचे आजार. ब्रुसेला नावाच्या रोगानं एकदा गोठा धरला की गायी सातव्या-आठव्या महिन्यात गाभ टाकायला लागतात आणि तो माणसाला पण होतो. आमच्या शेजारी एकाला महिनोन्‌महिने ताप येत-जात होता, सांधे धरलेले, शेवटी तपासणीत तेच निघालं. गाभ टाकलेल्या गाईची वार उघड्या हातानं ओढली होती त्यानं.

दावणवाले दादा, तुम्ही कांडीचं सगळं सांगितलं, वेळेचं काहीच नाही. माज कोण बघतं, कधी बघतं, आणि रेतन करणारे किती वाजता येतात?

दावण_माळशिरस:
माज मीच बघतो, सकाळी साडेपाचला धारेला बसलो की सोट दिसतोच. आठला फोन लावतो. त्यांच्याकडं दहा गावं, कधी संध्याकाळी येतात कधी दुसऱ्या दिवशी सकाळी. मागच्या दोन्ही वेळी दुसऱ्या दिवशी नऊ-दहाला आले. आई म्हणत होती रात्रीच हंबरत होती म्हणून, पण आईला काय, शेळी ओरडली तरी जाग येते. आणि एक विसरलो, मागच्या वेळी भरवली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी शेपटीला लाल लागलेलं. कांडी भरताना आत जखम केली का काय?

करडी_कालवड:
घ्या, सापडलं की. ती जखम नव्हे. माज ओसरला की दीड-दोन दिवसांनी बऱ्याच गायी, कालवडी तर जास्तच, लालसर सोट टाकतात. त्याचा गाभण राहिली-न राहिली याच्याशी संबंध नाही, फक्त एवढं कळतं की माज संपून दोन दिवस होत आले. आता तुम्हीच हिशोब घाला, भरवल्यावर २० तासात लाल दिसलं म्हणजे भरवली तेव्हा माज केव्हाच संपलेला होता.

गाईचा माज साधारण १२ ते १८ तासांचा. बीज (स्त्रीबीज) सुटतं माज संपल्यावर १०-१२ तासांनी, आणि सुटल्यावर ते थोडेच तास टिकतं. म्हणून तर सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, असं सांगतात. पण हे "दिसला" म्हणजे सुरू झाला तेव्हा दिसला तर! तुमची गाय रात्री ८-९ ला माजावर आली, तुम्ही पहाटे बघितलं, फोन ८ ला, माणूस आला दुसऱ्या दिवशी १० ला. ३६ तासाच्या वर गेले की. तिथं सोन्याची कांडी भरली तरी काय होणार. आईचं ऐका, रात्रीचं हंबरणं हाच खरा माज.

रात्री जेवण झाल्यावर, समजा ९ च्या पुढं, एक बारका फेरा मारायचा. लाइट न लावता मोबाइलच्या उजेडात बघायचं. दुसऱ्या गाईवर उडते का, त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे दुसरी उडली तर ही उभी राहते का. एकटीच बांधलेली असेल तर कान टवकारणं, हंबरणं, दूध अचानक कमी होणं आणि सारखं थोडं-थोडं मुतणं यावर लक्ष ठेवा. आणि सेक्सेल सीमेन उलटणाऱ्या गाईला नकोच, त्यात शुक्राणू कमी असतात, ते कालवडीला पहिल्यांदा भरवताना वापरायचं.

पशुवैद्य_गावाकडचा:
वरचं बरोबर आहे, त्यात थोडी भर. दर वेळी २१ च्या आसपास उलटते आणि सोट स्वच्छ आहे तर वेळ चुकणं हे पहिलं कारण धरायला हरकत नाही. ३५-४० दिवसांनी उलटली असती तर गर्भ आत राहून मेला असं समजून वेगळ्या वाटेनं गेलो असतो. सोटात पांढरे कण किंवा पिवळसरपणा दिसला तर मात्र पिशवी तपासल्याशिवाय भरवू नका. तीन वेळा उलटली की डॉक्टरनं एकदा हात घालून बघायलाच पाहिजे, तुमची चार झालीत. १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइन नंबरला फोन केला तर फिरतं पथक येतं. आणि परस्पर मेडिकलमधून हार्मोनचं इंजेक्शन आणून ठोकू नका, हे सांगायची वेळ माझ्यावर रोज येते.

दुसरं खाणं. वाढ्यात ऑक्सलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, गाईच्या अंगाला लागू देत नाही. नुसतं वाढं आणि गोळी पेंड यावर २२ लिटर काढलंत, म्हणजे गाईनं स्वतःच्या हाडातून दिलंय. कुट्टी करून चुन्याची निवळी शिंपडा आणि वाढं निम्म्यावर आणा, बाकी मका मुरघास, कडबा, जमलं तर थोडा लसूणघास. मिनरल मिक्श्चर रोज ५० ग्रॅम तरी, जास्त दुधाच्या गाईला थोडं वाढवून. पोत्यावर बसलेल्या मांजराला त्याचा उपयोग नाही. (प्रत्येक गोठ्यात ते पोतं असतं, उघडलेलं नसतं.) जंताचं औषध कधी दिलंय तेही आठवून बघा.

तात्या_सांगोला:
मोड आलेली मटकी पण चालते, आम्ही देतो. आणि मुळा, कोरफड, शेवग्याचा पाला हे क्रमानं देतात तेही ऐकलंय.

पशुवैद्य_गावाकडचा:
द्या की तात्या, पाल्याला कुठं ना म्हणतोय. फक्त मटकी खाऊ घालून भरवायला दीड दिवसानं गेलात तर मटकीचं नाव खराब होईल.

दावण_माळशिरस:
सगळ्यांचे आभार, अपडेट देतो. डॉक्टरनी तपासली, पिशवी नॉर्मल निघाली. मिनरल आता डब्यात काढून ठेवलंय, आई आंबोणात मुठीनं नाही तर चमच्यानं मापून टाकते. पुढचा माज आईनंच पकडला, रात्री सव्वानऊला येऊन मला उठवलं. रेतन करणाऱ्यांना रात्रीच फोन करून ठेवला, ते सकाळी ७ ला आले, साधीच कांडी. लाल दिसलं तिसऱ्या दिवशी. आज २५ वा दिवस, उलटली नाही. व्यापाऱ्याला पण सांगितलं, सध्या नको.

करडी_कालवड:
छान झालं. पण पेढे इतक्यात नको हं. ४०-४२ व्या दिवशी पण आईला रात्रीचा फेरा मारायला सांगा आणि दोन-अडीच महिन्यांनी हात घालून खात्री करून घ्या.