मदत हवी आहे: सी भाषेतील स्ट्रिंग पॅरामीटर आणि एकाच कामाची दोन हेल्पर फंक्शन्स

पणजीत आमचा छोटा गट बसच्या तिकीट यंत्रासाठी सी९९मध्ये (सी भाषेच्या १९९९च्या मानकानुसार) कोड लिहितो. थांब्यांची नावे देवनागरीत, यूटीएफ-८मध्ये (देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट) साठवलेली आहेत. कोड रिव्ह्यूमध्ये असे लक्षात आले की, नाव बफरमध्ये (ठरावीक आकाराच्या जागेत) उतरवणारे हेल्पर, म्हणजे छोटे मदतनीस फंक्शन, दोन फाइलींत स्वतंत्रपणे लिहिले गेले आहे. दोन्ही स्टॅटिक, म्हणजे आपापल्या फाइलीपुरती असल्यामुळे फाइली जोडणाऱ्या लिंकरने कधीच तक्रार केली नाही. नाव मावले नाही तर एक हेल्पर उणे एक परत करते, दुसरे मुकाट्याने कापते. ‘म्हापसा’ला स्ट्रिंगचा शेवट दाखवणाऱ्या शून्याखेरीज २१ बाइट लागतात, २० बाइटच्या बफरमध्ये शेवटच्या कान्याचा एकच बाइट उरतो आणि तिकिटावर चौकोन उमटतो.

फंक्शनने मूळ नाव बदलू नये म्हणून स्रोताचा पॅरामीटर कॉन्स्ट केला आहे. बफरचा आकारही वेगळा पाठवतो, कारण फंक्शनच्या आत साइझऑफ बफरचा नव्हे, केवळ पॉइंटरचा (पत्त्याचा) आकार सांगतो. स्ट्रएनकॉपी हे तयार कॉपी-फंक्शन वापरून पाहिले, पण स्रोत लांब असल्यास ते शेवटी शून्य ठेवत नाही. मॅलॉकची (प्रोग्राम चालू असताना मेमरी मागण्याची) मुभा नाही.

अडचण अशी की, छपाईला अक्षराच्या सीमेवर कापलेले नाव चालते, साठवणीला मुळीच चालत नाही. त्यासाठी बूलियन (खरे-खोटे) पॅरामीटर वाढवणे मला रुचत नाही. कॉलच्या ओळीत नुसते ‘ट्रू’ वाचून कोणाला काय कळणार?

मग एसएनप्रिंटएफप्रमाणे लागणारी लांबी परत करणारे एकच फंक्शन ठेवून निर्णय कॉल करणाऱ्यावर सोडावा, की स्पष्ट नावांची दोन फंक्शन्स ठेवावीत? आणि स्रोत नल (रिकामा पॉइंटर) आल्यास तपासणी हेल्परने करावी की असर्टवर (अट खोटी ठरल्यास प्रोग्राम थांबवणाऱ्या तपासणीवर) भागवावे?