आमची डिझाईन टीम पुढच्या पाच वर्षांसाठी तयार आहे का, हे तपासायचं कसं?

महापेची_प्रॉडक्टवाली

नमस्कार मंडळी. महापेला एका मध्यम कंपनीत मी बारा वर्षं प्रॉडक्ट डिझाईन बघते. टीम पाच जणांची. चार्जिंगचे कंदील, टॉर्च, इमर्जन्सी लाइट हा आमचा माल. बराचसा इथेच विकतो, थोडा युरोपातल्या एका खरेदीदाराला त्याच्या नावाने बनवून देतो.

गेल्या महिन्यात साहेब म्हणाले, "पुढच्या पाच वर्षांत जे काही येईल त्याला तुमचं डिपार्टमेंट तयार आहे का? एका पानात लिहून द्या." मी लिहायला बसले. कॅडचं, म्हणजे ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचं, नवं व्हर्जन आहे, थ्रीडी प्रिंटर आहे, दोघं एआयवर रेंडर, म्हणजे वस्तूची खऱ्यासारखी चित्रं, काढायला शिकलेत. अर्धं पान झालं आणि त्याच आठवड्यात खरेदीदाराचा मेल आला. युरोपियन युनियनच्या २०२३ च्या बॅटरी कायद्यानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा वस्तूंमधली बॅटरी ग्राहकाला स्वतः, बाजारात मिळणाऱ्या हत्याराने काढता-घालता आली पाहिजे. आमच्या कंदिलाची बॉडी अल्ट्रासोनिक वेल्डिंगने, म्हणजे कंपनाने प्लास्टिक वितळवून, बंद केलेली. उघडायची तर फोडावीच लागते.

टीमला बसवलं. सगळे म्हणाले, सोपं आहे, वेल्डिंग काढू, चार स्क्रू देऊ. मी जुनी फाइल उघडली. रिव्हिजन सात. कडेला १.८ मिमीची रिब, म्हणजे उभी पट्टी, आणि तिच्या आत एक बारीक पायरी. ती पायरी कशासाठी? कोणालाच सांगता येईना.

ज्यांनी हे डिझाईन केलं ते सर दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले, ऐरोलीत राहतात. फोन केला. म्हणाले, "अगं, ती पायरी पावसासाठी. आणि सुरुवातीला स्क्रूच होते, चारच. कोपऱ्यात घट्ट केले की मधली भिंत बाक खायची, पाणी अडवणारं रबरी गॅस्केट तिथे दबायचंच नाही. पहिल्याच पावसाळ्यात कोकणातून माल परत आला. म्हणून वेल्डिंगवर गेलो."

म्हणजे आम्ही जिकडे उत्साहाने निघालो होतो तिथे आमचीच कंपनी एकदा आपटून आली होती, आणि त्याची एक ओळसुद्धा कुठे लिहिलेली नाही. ड्रॉइंगवर मापं आहेत, मापात किती फरक चालेल तो टॉलरन्स आहे, सही आहे. कारण नाही. सर फोन उचलायला होते म्हणून कळलं.

त्या रात्री मला झोप आली नाही, खरंच सांगते. ते अर्धं पान मी फाडून टाकलं.

आणखी एक गोष्ट. आमच्याकडे नुकतीच आलेली मुलगी एका सकाळीत वीस-पंचवीस रेंडर काढते, आणि दिसायला ती फार छान असतात. पण पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात ती रेघ, कुठून जाणार, बॅटरीचं झाकण कुठल्या दिशेने निघणार, हे तिला विचारलं की ती गोंधळते. तिचा दोष नाही. तिला आम्ही अजून मोल्ड, म्हणजे प्लास्टिकचा भाग बनवायचा स्टीलचा साचा, उघडताना दाखवलेलाच नाही.

तर विचारायचं असं की तुमच्याकडे "का" कुठे लिहून ठेवता? आणि तयारी मोजायची तर नेमकं काय बघायचं?

वागळे_टूलरूम

ताई, वागळे इस्टेटमध्ये आमचं टूलरूम आहे, वडिलांपासूनचं. तीस वर्षं मोल्ड करतोय.

तुमच्या प्रश्नाच्या आधी माझा एक प्रश्न. त्या कंदिलाच्या मोल्डचं ड्रॉइंग तुमच्याकडे आहे का? पार्टचं नाही, मोल्डचं. बहुतेक कंपन्यांकडे नसतं. पार्टची फाइल सांभाळून ठेवतात, आणि मोल्ड मोल्डरच्या शेडमध्ये गंजत पडलेला असतो. उद्या बदल करायची वेळ आली की तो पार्टमध्ये नाही, त्या स्टीलमध्ये करायचा असतो.

स्क्रूसाठी बॉस, म्हणजे स्क्रू ज्यात बसतो ते प्लास्टिकचे खांब, वाढवायचे म्हणजे प्लास्टिक वाढवायचं, म्हणजेच मोल्डमधलं स्टील काढायचं. ठिणगीने स्टील कोरणाऱ्या स्पार्क मशीनवर होतं, घाबरू नका. उलट करायचं असेल, म्हणजे प्लास्टिक कमी करायचं, तर मोल्डला वेल्डिंग भरावं लागतं आणि तिथे पॉलिश, रंग, आयुष्य सगळ्यालाच धक्का बसतो. म्हणून भाग बदलण्याची शक्यता असेल तिथे पहिल्यांदा स्टील जास्त ठेवून मोल्ड करायचा. आम्ही त्याला स्टील सेफ म्हणतो. पण कुठे बदल होऊ शकतो हे डिझायनरने आधी सांगायला हवं, आणि आम्हाला बोलावतात ड्रॉइंगवर सही झाल्यावर.

बॉस टाकायच्या जागी खालून मोल्ड थंड करणारी पाण्याची लाइन जात असेल किंवा तयार भाग बाहेर ढकलणारी एजेक्टर पिन येत असेल तर सगळं गणित बदलतं. ते आधी बघा. आणि ग्राहक पुन्हा पुन्हा उघडणार असेल तर एबीएस प्लास्टिकमध्ये थेट स्क्रू नको, पाच-सात वेळात आटे मरतात. ब्रास इन्सर्ट, म्हणजे पितळेची आटेवाली नळी, घाला.

वाशी_एक्सपोर्ट

मी निर्यातीची कागदपत्रं बघते, म्हणून कायद्यापुरतं सांगते. पाण्यात किंवा सतत पाणी उडतं अशाच ठिकाणी प्रामुख्याने वापरायच्या, धुता येणाऱ्या वस्तूंना एक सवलत आहे. त्यांची बॅटरी फक्त व्यावसायिक दुरुस्तीवाल्याला काढता आली तरी चालू शकतं. तुमचा कंदील पावसात चालतो म्हणून त्यात बसेल असं गृहीत धरू नका.

टीमने मेलमधली तारीख वाचली, पण मला वाटतं पुढचं वाचायचं राहिलं असेल. शेवटचा नग बाजारात गेल्यानंतर किमान पाच वर्षं बदली बॅटरी मिळत राहिली पाहिजे. मग खास तुमच्या मापात बनवून घेतलेली चपट्या पाकिटासारखी पाऊच बॅटरी का ठेवायची? १८६५० सेल, १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब, कोणीही देतो. त्याने बॉडी जाड होईल, स्टाइलिंग बदलेल. हा निर्णय डिझाईनचा आहे, परचेसवर ढकलू नका. बॅटरी कशी काढायची याच्या सूचनाही वस्तूबरोबर आणि इंटरनेटवर द्याव्या लागतात. त्या कोण लिहिणार, हेसुद्धा ठरवा.

नौपाड्याचा_रिपेअरवाला

माझं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान. डिझाईनमधलं मला फार कळत नाही, पण तुमचा धागा वाचून राहवलं नाही.

१ जानेवारी २०२३ पासून सीलिंग फॅनवर स्टार लेबल सक्तीचं झालं, तेव्हापासून बीएलडीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणाऱ्या मोटरचे, पंखे खूप वाढले. चांगली गोष्ट आहे. जुना पंखा ७५ वॅट घ्यायचा, हा तीसच्या आसपास. पण जुना पंखा हळू झाला की अडीच मायक्रोफॅराडचा कपॅसिटर बदलायचा, दहा मिनिटांत गिऱ्हाईक खूष. आता बोर्ड जातो. काहींचा बोर्ड काळ्या रेझिनमध्ये बुडवलेला, आत हात घालता येत नाही. अख्खा बोर्ड बदलायचा, आणि तीन वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा बोर्ड मिळत नाही. म्हातारं जोडपं पंखा घेऊन येतं, मोटर ठणठणीत असते, आणि मला सांगावं लागतं की नवा घ्या. फार वाईट वाटतं.

वीज कमी लागावी यासाठी त्या कंपन्या तयार झाल्या. बिघडल्यावर काय, हे कोणी धरलंच नव्हतं. ताई, तुमच्या त्या नव्या मुलीला आठवडाभर माझ्याकडे पाठवा. कंदील येतात माझ्याकडे, फोडूनच उघडतो.

महापेची_प्रॉडक्टवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडं काय झालं ते सांगते.

साहेबांना पान दिलं. त्यात सॉफ्टवेअरचा उल्लेख एका ओळीत आहे. बाकी पानभर आमच्या अकरा चालू मॉडेल्सची नावं, आणि प्रत्येकापुढे तीनच गोष्टी: हे असं का आहे ते टीममधल्या कोणाला सांगता येतं का, मोल्डचं ड्रॉइंग आहे का, आणि न फोडता उघडतं का. तिन्हींना "हो" असं एकच मॉडेल निघालं. साहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ऐरोलीच्या सरांना मानधनावर बोलावा.

सर आता दर शनिवारी येतात. ते बोलतात, नवी मुलगी लिहून घेते, आणि ती नोंद ड्रॉइंगच्या नंबरखालीच जाते, वेगळ्या फोल्डरमध्ये नाही. सोमवार ते बुधवार ती नौपाड्याला जाऊन आली. आल्यावर पहिल्यांदाच तिने रेंडरच्या आधी सेक्शन, म्हणजे वस्तू मधून कापली तर आत काय दिसेल ते ड्रॉइंग, काढला!

रिपेअरवाले दादा, तुमच्याकडचे फोडलेले तीन कंदील ती घेऊन आली. त्यातला एक आमचाच होता.

वाशीच्या ताई, १८६५० वर जातोय. बॉडी ४ मिमीने जाड होतेय, ती आम्ही हातात धरायच्या पकडीत मुरवली.

वागळेचे काका, मोल्डचं ड्रॉइंग नव्हतंच. मोल्ड उघडून मोजला. चारऐवजी सहा स्क्रू घेतोय, म्हणजे मधली भिंत बाक खाणार नाही. सरांची पावसाची पायरी तशीच ठेवली. पण मधल्या दोन बॉसपैकी डावीकडच्या जागी नेमकी एजेक्टर पिन येतेय. ती सरकवता येईल का, की तिथे बॉसला भोवतीने ढकलणारा नळीसारखा स्लीव्ह एजेक्टर घ्यावा?

वागळे_टूलरूम

स्लीव्ह बसेल असं वाटतं, पण पाण्याची लाइन किती अंतरावर आहे ते लिहिलं नाहीत. कोअर साइड, म्हणजे मोल्डचा आतली बाजू घडवणारा अर्धा भाग, टेम्पोत घालून घेऊन या, गुरुवारी मशीन रिकामं आहे. त्या मुलीलाही आणा.