शब्दचर्चा : फोटोवर ‘टीका’ करतात की फोटोला ‘दाद’ देतात?

पाणकावळा
गेल्या डिसेंबरात भिगवणला गेलो होतो. उजनीचं पसरलेलं पाणी, पहाटेचं धुकं, नावेत उभा नावाडी आणि भोवती कुरव पक्ष्यांचा गलका. एक फोटो मनासारखा आला असं वाटलं म्हणून टाकला आणि सवयीने खाली लिहिलं, ‘सूचनांचं स्वागत आहे.’ संध्याकाळपर्यंत पस्तीसेक जणांचं अप्रतिम, मस्त, झकास, नादखुळा करून झालं. मग एकाने लिहिलं :

‘क्षितिज डावीकडे कललंय, उजनीचं पाणी सांडतंय, सोलापूरकर ओरडतील. नावाड्याच्या डोक्यातून बांबू उगवलाय. उजवीकडचं आकाश इतकं पांढरं झालंय की तिथे काही उरलंच नाही. मधला थवा मात्र सुरेख. तेवढाच ठेवून बाकीचं कापलंत तर?’

राग आला. खोटं कशाला बोलू. घरात म्हणालो, ‘एकाने फोटोवर टीका केलीय.’ बायकोने मोबाइल हातात घेतला, वाचलं आणि म्हणाली, ‘टीका कुठे? नीट बघून सांगितलंय त्याने.’

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. टीका म्हटलं की भांडण वाटतं. समीक्षा म्हटलं की पुस्तक आठवतं, परीक्षण म्हटलं की नाटक. अभिप्राय म्हटलं की दोरीला पेन बांधलेली खानावळीतली वही. फोटोबद्दल खरं काय ते सांगणं, याला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

अनुस्वार
टीका हा शब्द फार सज्जन घरातला आहे हो, पुढे संगत बिघडली. ‘शके बाराशते बारोत्तरे । तैं टीका केली ज्ञानेश्वरे’ ही ओवी सगळ्यांना पाठ असते. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. तिथे टीका म्हणजे मूळ ग्रंथ उलगडून सांगणं. आज हीच बातमी ‘ज्ञानेश्वरांची गीतेवर टीका’ अशा मथळ्याने छापली तर दुपारपर्यंत मोर्चा निघेल.

संस्कृतात टीकाकार म्हणजे मल्लिनाथासारखा माणूस. कालिदासाच्या काव्यावर लिहायला बसताना तो सांगतो, ‘नामूलं लिख्यते किञ्चित् नानपेक्षितमुच्यते’. मुळात नाही ते लिहिणार नाही आणि गरज नाही ते बोलणार नाही. तुमच्या त्या गृहस्थांचा मजकूर या दोन अटींवर घासून बघा. कललेलं क्षितिज, बांबू, पांढरं आकाश, थवा, सगळं फोटोत आहे. कॅमेरा कितीचा, तुम्ही नवखे की मुरलेले, यावर एक अक्षर नाही. ही जुन्या अर्थाने टीकाच झाली.

ठेचा_भाकर
हे पुस्तकात ठीक आहे. पण मी उद्या कोणाला म्हटलं की ‘तुझ्या फोटोवर टीका करतो’, तर तो मला मित्रयादीतून काढेल. शब्द आज काय म्हणतो ते बघा ना भौ.

आमच्या अमरावतीकडे खरं बोलणाऱ्याची उतरंड ठरलेली आहे. माणूस स्वतःबद्दल सांगताना ‘मी जरा स्पष्ट बोलतो’ म्हणतो. चार लोकांत त्याची ओळख करून देताना ‘परखड’. त्याची पाठ वळली की ‘फटकळ’. माणूस तोच, वाक्यही तेच, फक्त कोण कुठे उभं राहून बोलतंय ते बदलतं. त्याच्याही खाली खवचट आणि कुजकट. फटकळाच्या पोटात काही नसतं, तोंडाला दार नसतं इतकंच. खवचटाला मजा येत असते. कुजकट माणूस तर फोटो बघतच नाही, तो फोटोवाल्याला बघतो. ‘कॅमेरा भारी घेतलाय वाटतं’, हा कुजकट. यात फोटोबद्दल काय आहे सांगा.

साखरखारट
आणि ‘नावं ठेवणं’? एकवचनात बारसं, अनेकवचनात निंदा. बाळाचं नाव ठेवतात, सुनेला नावं ठेवतात. माझी सासू पहिल्यात हौशी होती आणि दुसऱ्यात पटाईत.

अनुस्वार
साखरखारटताई, हे झकास.

समीक्षा जड वाटते हे मान्य, पण तिच्या पोटात डोळा आहे. सम् अधिक ईक्ष्. ईक्ष् म्हणजे पाहणं. समीक्षा म्हणजे नीट, पुरतं पाहणं. परीक्षा म्हणजे चहूबाजूंनी पाहणं. निरीक्षण, अपेक्षा, प्रतीक्षा, सगळी याच कुळातली. प्रतीक्षेत माणूस वाटेकडे डोळे लावून बसतो. आणि उपेक्षासुद्धा! उपेक्षा म्हणजे न पाहणं नव्हे, पाहून सोडून देणं. फोटोखाली नुसता अंगठा ठेवून पुढे सरकणारे लोक उपेक्षा करतात असं म्हटलं तर व्याकरणाने चूक नाही. पाणकावळ्याच्या सौभाग्यवतींनी ‘नीट बघून सांगितलंय’ म्हटलं, तो समीक्षेचा शब्दशः अर्थ आहे. त्यांना माझा नमस्कार.

जुनाखोका
शब्दांतलं मला फार कळत नाही, पण नीट पाहणं म्हणजे काय ते मी पाहिलेलं आहे.

रोल धुवायच्या दिवसांतली गोष्ट. आमचा एक क्लब होता, महिन्यातून एकदा जमायचो. प्रत्येकाने घरच्या काळोख्या खोलीत काढलेला प्रिंट आणायचा, तो घोडीवर टेकवायचा आणि मागे जाऊन बसायचं. बोलायला एक वयस्कर गृहस्थ असत. ते आधी काहीच बोलत नसत. अर्धा मिनिट, कधी एक मिनिट. ज्याचा प्रिंट असेल त्याचा जीव टांगणीला. मग ते खिशातून काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन काढायचे आणि प्रिंटवर ठेवून हळूहळू सरकवायचे. डावीकडून एक बोट आत, वरून दोन बोटं आत. चौकट लहान होत जायची आणि एका जागी ते हात थांबवायचे. सगळ्यांना दिसायचं की फोटो इथे होता, बाकी आपण उगाच गोळा केलं होतं.

माझ्या एका प्रिंटवर त्यांनी काटकोन आत आत नेले ते थेट कोपऱ्यात बसलेल्या कुत्र्यापाशी थांबले. मी देवळाचा फोटो म्हणून आणला होता. लोक हसले. मी महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही. मग तेवढा कुत्राच मोठा करून धुतला. आजही भिंतीवर आहे.

याला टीका म्हणायचं का काय ते तुम्ही ठरवा. आम्ही ‘दाखवणं’ म्हणत होतो. ‘आज काय आणलंय? दाखवलंस का त्यांना?’ एवढंच.

अनुस्वार
खोकाकाका, तुम्ही न कळत एक चांगला जुना शब्द वर काढलात. दोषदिग्दर्शन. आता सिनेमाशिवाय दिग्दर्शन ऐकू येत नाही, पण दिग्दर्शन म्हणजे दिशा दाखवणं. दोष सांगणं वेगळं, दोषदिग्दर्शन वेगळं. ‘फोटो गंडलाय’ हा नुसता दोष. ‘डावीकडे कललाय’ यात दिशाही आली.

ठेचा_भाकर
दोषदिग्दर्शन म्हणजे दोन जोडाक्षरांचा डोंगर चढायचा. मोबाइलवर टाइप करेपर्यंत माणूस रागवायचं विसरून जाईल. तोही फायदाच म्हणा.

कालवण
कोणी छिद्रान्वेषी म्हटलं नाही अजून? भोकं शोधणारा. निंदेचा शब्द आहे, पण शाळेत आपण सूचिछिद्र प्रतिमाग्राहक शिकलो ना, बुटाच्या खोक्याला टाचणीने भोक पाडून? फोटोग्राफी सुरूच छिद्रापासून होते. लेन्सच्या आतलं छिद्र किती उघडं ठेवलंय हे विचारणारा माणूस छिद्रान्वेषी नाही तर कोण!

आणि फोटोला ‘अप्रतिम’ म्हणणारे? अप्रतिम म्हणजे जिची प्रतिमा होऊ शकत नाही ते. समोर प्रतिमाच ठेवलीय आणि हे म्हणतात प्रतिमा नाही.

साखरखारट
कालवणा, तुझ्यामुळे मला आता कोणाच्याही फोटोखाली अप्रतिम लिहिता येणार नाही. मस्त म्हणावं तर तो फारसी शब्द, म्हणजे धुंद, झिंगलेला. लिहू तरी काय?

ठेका_चुकला
दाद द्या.

सगळे टीकेच्या बाजूने खणताय, दादेकडे कोणी बघत नाहीये. दाद हा फारसी शब्द आहे आणि त्याचा अर्थ न्याय. दादफिर्याद आठवा. वर्तमानपत्रात रोज असतं, ‘उच्च न्यायालयात दाद मागितली’. तिथे कोणी टाळ्या मागायला जात नाही. तोच शब्द गाण्याच्या बैठकीत आला. गाणाऱ्याला दाद देणं म्हणजे त्याच्या कामाला न्याय देणं, ज्याचं त्याला देणं. म्हणून खोटी दाद ही गोष्ट मुळातच उलटी आहे, खोटा न्याय असतो तशी.

बैठकीत बसणाऱ्याला आणखी एक माहीत असतं. दाद जागेवर द्यायची असते. गायकाने एखादी जागा घेतली, त्या क्षणी तोंडातून ‘वा’ निघालं पाहिजे. मैफल संपल्यावर ‘छान झालं हं गाणं’ म्हणणारा बहुतेक चहासाठी थांबलेला असतो. पस्तीस जणांचं अप्रतिम हे संपल्यावरचं ‘छान झालं’ आहे. त्या एका माणसाने ‘मधला थवा सुरेख’ म्हणून जागा दाखवली. पाणकावळेराव, खरी दाद तुम्हाला त्या एकानेच दिली आणि तुम्ही त्यालाच टीकाकार म्हणताय.

पाणकावळा
हे लागलं.

पण माझीही बाजू आहे. त्याच्याखाली आणखी एकाने लिहिलं होतं, ते मी आधी मुद्दाम सांगितलं नाही. ‘नावेतून गाठ्या टाकून पक्षी गोळा केलेत ना? असले फोटो मी बघत नाही.’ खरं आहे. नावाड्याकडे गाठ्यांचं पाकीट होतं आणि माझ्या मुलीने मूठभर उधळल्या, म्हणून तर थवा इतका जवळ आला. मग ही कुठल्या प्रकारची टीका? हा काही क्षितिजाबद्दल बोलत नाहीये.

अनुस्वार
हा आक्षेप. आक्षेप फोटोवर नसतो, फोटो काढण्यावर असतो. त्याला उत्तर कातरून देता येत नाही. त्याचं म्हणणं रास्त आहे असं माझं मत, पण ‘बघत नाही’ म्हणताना त्याने बघितलं होतं, नाहीतर गाठ्या कळल्या कशा?

साखरखारट
‘सूचनांचं स्वागत आहे’ हे वाक्यच मला संशयास्पद वाटतं. मराठीत सूचना दोन प्रकारची. एक सुचवलेली, एक फळ्यावर लावलेली. ‘येथे थुंकू नये’ हीही सूचनाच. आपण पहिली मागतो आणि मनात घाबरतो दुसरीला. आणि खरं सांगू, स्वागत म्हणताना दार किलकिलंच असतं. अंगणात कौतुकाला बसायला सतरंजी टाकलेली असते.

कालवण
निंदकाचे घर असावे शेजारी. शेजारी! आपल्या घरात नको.

ठेचा_भाकर
कबिराने तर अंगणात झोपडी बांधून द्यायला सांगितलंय, ‘निंदक नियरे राखिए, आँगन कुटी छवाय’. मराठी माणसाने भिंत मध्ये ठेवली, शहाणा.

पण मला एक खटकतं. ठेका म्हणतो दाद म्हणजे न्याय. न्यायाधीश कोणी नेमला? परस्परांची पाठ थोपटणाऱ्यांसाठी संस्कृतात मस्त श्लोक आहे, उंटाच्या लग्नात गाढवं गातात आणि एकमेकांना म्हणतात ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’. बरोबर. पण मी असंही बघितलंय की एकाने दुसऱ्याला तृतीयांशाचा नियम शिकवला (चौकटीचे तीन सारखे भाग करायचे आणि मुख्य गोष्ट मधोमध न ठेवता भागांच्या रेघेवर ठेवायची), दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि आता सगळ्यांचे सूर्य उजव्या रेघेवर मावळतात. हीही गाढवांचीच मैफल, फक्त ही शिकलेली.

ठेका_चुकला
हे मान्य. नियम म्हणून सांगणारा वेगळा, बघून सांगणारा वेगळा.

अनुस्वार
यावर उपाय अभिप्रायात आहे. संस्कृतात अभिप्राय म्हणजे मनातला हेतू. ‘याचा अभिप्राय काय?’ म्हणजे याला म्हणायचंय काय. मराठीत तो फिरून ‘मत’ झाला. मी तुमच्या फोटोवर अभिप्राय देणार असेन तर आधी तुमचा अभिप्राय विचारला पाहिजे. पाणकावळे, तुम्हाला काय दाखवायचं होतं? नावाडी, थवा, की धुकं?

पाणकावळा
खरं सांगायचं तर मुलीचा हात. गाठ्या उधळणारा. डाव्या कोपऱ्यात अर्धाच आलाय, कोणाच्या लक्षातही आला नाही.

जुनाखोका
डावीकडे सांडणाऱ्या पाण्यावर? टाका परत. मी पुठ्ठे काढतो.

पाणकावळा
क्षितिज सरळ करून पाहिलं. उजवीकडचं पांढरं आकाश गेलं, हात आत आला, थव्यातले तीन पक्षी त्या हाताकडे वळलेले दिसतायत. आक्षेपवाल्याला आता गाठ्या आणखी स्पष्ट दिसतील, दिसू देत. बांबू मात्र अजून नावाड्याच्या डोक्यातच आहे.

साखरखारट
राहू दे. याला काय म्हणतात ते मात्र अजून ठरलं नाही हं.