अर्ध्या तासाच्या कामासाठी कायमचा ॲडमिन?

सातरस्ता_सपोर्ट:
परवा इथं एकानं लिहिलं, "सोलापुरातल्या दहा पीसींच्या ऑफिसला कसली आलीय सिक्युरिटी? सगळ्यांना ॲडमिन (काहीही बसवायचा-बदलायचा पूर्ण हक्क) करा, सॉफ्टवेअर बसवताना पासवर्ड टाकायला पोरगं पाठवायची कटकट संपेल." खाली अंगठ्यांची रांग. म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

इन्स्टॉल करताना ॲडमिन मागणं वेगळं आणि रोज उघडताना मागणं वेगळं. रोज मागत असेल तर बहुतेक वेळा ते सॉफ्टवेअर प्रोग्रॅम फाइल्समधल्या स्वतःच्याच फोल्डरात डेटा लिहायला बघतंय. जुनं ३२-बिट बिलिंग असेल तर विंडोज त्याला अडवतही नाही. गुपचूप ती फाइल त्या युजरच्या ॲपडेटातल्या (त्याच्या खात्याच्या खासगी फोल्डरातल्या) व्हर्च्युअलस्टोअरमध्ये वळवतं. सकाळच्या माणसाची एंट्री दुपारच्याला दिसत नाही, मग "डेटा उडाला" म्हणून बोंब. खातं ॲडमिन केलं तरी हे थांबत नाही. 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' केलं की थांबतं, पण तेव्हा मूळ जुनी फाइल उघडते आणि घोळ दुप्पट होतो.

उपाय पाच मिनिटांचा. डेटा डी ड्राइव्हवर हलवा, सॉफ्टवेअरमध्ये नवा पाथ द्या. मग त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट, यूजर्सना 'मॉडिफाय'. फक्त डेटाच्या फोल्डरला. ईएक्सई (खुद्द सॉफ्टवेअरची फाइल) असलेल्या फोल्डरला दिलंत तर कुणीही ती फाइल बदलून ठेवेल, आणि पुढच्या वेळी ॲडमिननं उघडली की मशीन गेलं.

हिशेबनीस:
व्वा. आता २० तारखेचं सांगा. कंपनीचं जीएसटी रिटर्न, डीएससीचं (डिजिटल सहीचं) यूएसबी टोकन नवं, त्याचा ड्रायव्हर टाकायचाय, सहीचं युटिलिटी अपडेट मागतंय, आणि तुमचा माणूस होटगी रोडला दुसऱ्या क्लायंटकडं. लेट फी तुमच्या खिशातून का? फोल्डर हलवून ड्रायव्हर बसतो होय?

जेकार्ड_ग्राफ:
बरोबर बोलले. डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली) असंच आहे, ड्रायव्हर नाही तर डिझाइन नाही, आणि लूम थांबून राहतो. एवढं कशाला? शॉर्टकटमध्ये रनॲज सेव्हक्रेड घाला, म्हणजे ते ॲडमिनच्या नावानं, साठवलेल्या पासवर्डावर उघडतं. पासवर्ड एकदाच टाकायचा, युजरला कळतही नाही.

सातरस्ता_सपोर्ट:
@जेकार्ड_ग्राफ, हेच वाचायचं राहिलं होतं! तो पासवर्ड त्या युजरच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोजच्या पासवर्डांच्या तिजोरीत) बसतो, तुमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरपुरता नाही. शॉर्टकटमधलं नाव काढून कमांड प्रॉम्प्ट लिहिलं की संपूर्ण ॲडमिन हातात. यापेक्षा उघड ॲडमिन दिलेलं बरं, निदान मालकाला माहीत तरी असतं.

टर्मिनलवाला:
लिनक्स टाका. तिथं पोलकिट आहे, कुणाला काय बसवू द्यायचं ते नेमकं ठरवता येतं.

सातरस्ता_सपोर्ट:
फेडोरा १२ हे लिनक्स आठवतंय का? नोव्हेंबर २००९. मशीनसमोर बसलेल्या कुणालाही सही असलेली पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) रूटच्या, म्हणजे तिथल्या ॲडमिनच्या, पासवर्डाशिवाय बसवू दिली. एवढा गदारोळ झाला की निर्णय मागं घ्यावा लागला. आणि सुडोअर्समध्ये (कुणाला रूटची कोणती कमांड चालवता येईल त्या यादीत) 'फक्त ॲप्ट', म्हणजे पॅकेज बसवायची कमांड, दिलंय म्हणून निर्धास्त बसू नका. पॅकेजची स्क्रिप्ट रूट म्हणूनच चालते. घरी बनवलेलं डेब पॅकेज बसवलं की खेळ खलास. फ्लॅटपॅक प्रकारची सॉफ्टवेअर रूटशिवाय स्वतःच्या खात्यात बसवू द्या, ते मान्य.

छपाई_नवीपेठ:
तुमचं टोकन आणि पोलकिट राहू द्या. फॉन्टला ॲडमिन कशाला लागतो? गड्डा यात्रेच्या बॅनरची गर्दी, गिऱ्हाईक पेन ड्राइव्हवर फॉन्ट घेऊन उभं. फॉन्ट म्हणजे काय व्हायरस हाय का?

हिशेबनीस:
विंडोज १० च्या १८०९ पासून लागत नाही. राइट क्लिक, नुसतं 'इन्स्टॉल'. 'फॉर ऑल यूजर्स' दाबलं तरच मागतो.

छपाई_नवीपेठ:
दाबून बघितल्याशिवाय बोलतोय का मी? वर्डात दिसतो, पेजिनेशनच्या (पानं लावायच्या) जुन्या सॉफ्टवेअरात दिसत नाही.

सातरस्ता_सपोर्ट:
कारण तो युजरच्या ॲपडेटात बसतो आणि जुनी सॉफ्टवेअर फक्त विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात बघतात. आणि व्हायरसचं म्हणाल तर, पूर्वी विंडोज फॉन्ट कर्नलमध्ये, म्हणजे सगळे हक्क असलेल्या गाभ्यात, वाचायचं. जुलै २०१५ मध्ये ओपनटाइप फॉन्टच्या भोकासाठी मायक्रोसॉफ्टला ठरलेली तारीख सोडून मधेच पॅच काढावा लागला. नुसता फॉन्ट उघडला की मशीन दुसऱ्याचं.

टर्मिनलवाला:
मुळात ते जुने फॉन्ट हवेत कशाला? आतून इंग्रजी अक्षरांचे कोड आणि वर मराठीचा मुखवटा. फॉन्ट नसला की 'शुभविवाह'च्या जागी चिन्हांचा चिवडा. युनिकोड घ्या, तिथं मराठी अक्षरांना स्वतःचे कोड आहेत, विषय संपला.

छपाई_नवीपेठ:
काय बे, फुकट सल्ला! वीस वर्षांच्या पत्रिकांच्या फाइली कोण बदलणार? कन्व्हर्टरातनं काढल्या की रफार आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर. 'सौ. आणि श्री.'चं प्रूफ तुम्ही वाचणार का? आणि युनिकोडात लग्नपत्रिकेला शोभणारे फॉन्ट मोजून किती?

टर्मिनलवाला:
हे मात्र खरंय. गेल्या दहा वर्षांत बरेच आले, पण कमीच.

हिशेबनीस:
धागा ॲडमिनचा होता, पत्रिकेवर आला. @सातरस्ता, एक सरळ विचारतो. ॲडमिन काढला तरी रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) युजरच्या फाइली आणि सर्व्हरवरचं शेअर्ड फोल्डर एन्क्रिप्ट करतंच ना? मग एवढा आटापिटा कशासाठी?

सातरस्ता_सपोर्ट:
करतं. नाकारत नाही. ज्या फाइलीवर त्या माणसाला लिहिता येतं, त्या जातातच. पण शॅडो कॉपी (विंडोजनं ठेवलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती) पुसायला ॲडमिन लागतो, अँटिव्हायरस बंद करायला लागतो, शेजारच्या खात्याचे पासवर्ड उपसायला लागतो. सगळ्या पीसींना एकच ॲडमिन पासवर्ड असेल तर एक गेला की दहाही गेले. डोमेन (सगळी खाती एका सर्व्हरवरून सांभाळायची सोय) नसेल तर दहा वेगळे पासवर्ड, वहीत, मालकाच्या ड्रॉवरमध्ये. २० तारखेला अडलं तर मालकानं त्या एकाच पीसीचा सांगायचा आणि संध्याकाळी बदलायचा.

आणि बदल करताना क्रम चुकवू नका. आधी नवं ॲडमिन खातं काढा, त्यानं एकदा लॉगिन करून बघा, मगच रोजचं खातं स्टँडर्ड (ॲडमिनचे हक्क नसलेलं) करा. विंडोजच्या होम एडिशनवरही चालतं.

जेकार्ड_ग्राफ:
सेव्हक्रेडचं काढतो. म्हणजे काय, नुसता शॉर्टकट डिलीट?

सातरस्ता_सपोर्ट:
नाही! क्रेडेन्शियल मॅनेजर, विंडोज क्रेडेन्शियल्स, तिथली ती नोंद रिमूव्ह. मग ॲडमिनचा पासवर्ड बदला.

हिशेबनीस:
वही आणि ड्रॉवर. सन २०००ची आठवण आली. ठीक आहे, करून बघतो. पण टोकनचा ड्रायव्हर १९ च्या आत तुमच्याच माणसानं टाकायचा, त्याशिवाय मी कुणाचंही खातं स्टँडर्ड करणार नाही.